पहिला ठोका

१

मास्तर आंघोळीला गेले की थोरली चहाचं आधण ठेवायची, आणि त्याला उकळी यायच्या आत बाथरूममधून तक्रार आलीच पाहिजे असा त्या घराचा नेम होता. कधी पाणी फार कढत, कधी कोमट, कधी साबण संपलेला, तर कधी टॉवेल बाहेरच राहिलेला. त्या सकाळी तक्रार जरा निराळी होती.

"अगं, तुझा पाईप वाजतोय."

"माझा कसा? घर दोघांचं आहे."

"प्लंबर तू आहेस."

थोरली खरोखरच प्लंबर होती. वडील फिटर, आणि घरात मुली दोनच, थोरली आणि बारकी. वडिलांनी दोघींच्या हातात पान्हा दिला. बाई नळ दुरुस्त करते म्हणून लोक आधी नाक मुरडत, आणि मग सिंक तुंबलं की पहिला फोन तिलाच लावत. तिचे यजमान शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, बायकोसुद्धा. गावातले सगळे नळ धड आणि घरातला गिझर खडखडणारा, म्हणजे दिव्याखाली अंधार, असं मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

गरम पाण्याचा पाईप वाजणं यात नवल काही नाही. पाणी तापलं की पाईप लांबतो, क्लॅम्पला घासतो आणि टिकटिकत राहतो. नळ फाटकन बंद केला की आतलं धावतं पाणी वळणावर धडक देतं आणि भिंत दणकते. टाकीच्या तळाला क्षार साचले तर गिझर भुकेल्या पोटासारखा गुरगुरतो. थोरलीला हे सगळे आवाज तोंडपाठ होते. मास्तर शाळेत गेल्यावर तिनं गिझर बंद केला, नळ बंद असल्याची खात्री केली आणि भिंतीला कान लावून उभी राहिली.

ठक्.

एकच. तिनं पुढच्याची वाट पाहिली. निवत जाणारा पाईप असा एकदा वाजून थांबत नाही, तो आधी भराभर वाजतो आणि मग हळूहळू मंदावतो. हा एकदा वाजला आणि गप्प राहिला. नुसता गप्प नव्हे. कुणीतरी आपण काय म्हणतोय याची वाट बघत असावं, तसा गप्प.

आणि थोरलीनं काय करावं? कमरेची किल्ली काढून पाईपवर दोन ठोके दिले. टक, टक. हात आपोआप गेला.

तो बाबांचा नियम होता. एक फिटर गच्चीवर टाकीपाशी, दुसरा खाली नळापाशी, मध्ये चार मजले. हाक पोचत नाही, मग पाईपवर ठोकायचं. एक ठोका म्हणजे 'आहेस का?' दोन ठोके म्हणजे 'आहे.' ठोका ऐकला की हातातलं काम टाकून उत्तर द्यायचं, कारण पलीकडच्याचा हात लाईनीत असू शकतो. पोरींनी अक्षरं गिरवायच्या आधी हे गिरवलं होतं.

"वा बाई," ती स्वतःशीच हसली. "आता भिंतीशी गप्पा."

ठक्, भिंत म्हणाली.

२

दुसऱ्या दिवशी तिनं काम रीतसर हाती घेतलं. गिऱ्हाइकाकडे गेली असती तशी हत्यारांची पिशवी घेऊन आपल्याच बाथरूममध्ये शिरली. एकेक क्लॅम्प आवळला. पाईप भिंतीत शिरतो तिथं रबर बसवलं. सगळे नळ उघडून लाईनीतली हवा काढली. गिझरच्या तळातून गढूळ पाणी आणि मूठभर पांढरे खडे निघाले, तेव्हा तिला मोठं समाधान वाटलं. चोर सापडला, असं तिनं मास्तरांना दुपारी जाहीरही केलं.

मास्तर दाराच्या चौकटीला टेकून उंटावरून शेळ्या हाकत होते. "प्रसरण पावत असेल," ते म्हणाले.

"काय पावतंय ते पावू द्या. आता आवाज झाला तर नाव बदलीन."

ठक्.

"कोणतं नाव ठेवायचं?" मास्तरांनी विचारलं. पण थोरली हसली नाही. तिचा हात किल्लीकडे गेला होता आणि तिनं दोन ठोके दिलेसुद्धा होते.

मास्तरांनी ते पाहिलं. "हे काय करतेस?"

"सवय." मग जरा थांबून ती म्हणाली, "उत्तर दिलं नाही तर चैन पडत नाही हो."

तेही खरं होतं. काल दुपारी तिनं मुद्दाम उत्तर दिलं नव्हतं. ठोका आला, तिनं कानाडोळा केला आणि भाजी चिरायला बसली. पुन्हा आला. पुन्हा आला. दर वेळी मधलं अंतर तेवढंच, आवाज तेवढाच, न रागावता, न कंटाळता. शेवटी तिलाच घाम फुटला आणि तिनं चिरलेली भाजी तशीच टाकून धावत जाऊन टक, टक केलं. त्यानंतर बराच वेळ शांतता होती.

तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. पण घरच्या पाइपाला घाबरणारी प्लंबर म्हणजे पाण्याला घाबरणारा मासा. तिनं तो विचार झटकून टाकला.

३

बारकीचा विषय त्या घरात निघत नसे. बाबा गेल्यावर बारकीनं पान्हा खाली ठेवला आणि दूरच्या शहरात ऑफिसातली नोकरी धरली. थोरलीला ते फार लागलं. निघताना दोघींची जुंपली. एकटी राहीन पण तुझ्याकडे नळ धरायला येणार नाही, असं बारकी म्हणाली. फोन करशील तेव्हा बघू, असं थोरली म्हणाली. त्यानंतर दोघीही दुसरीच्या फोनची वाट पाहत बसल्या. हट्टाच्या बाबतीत दोघी एका माळेचे मणी होत्या. बाबा म्हणायचे, या दोघींना एका लाईनवर लावलं तर पाणी मध्येच अडून बसेल.

त्या संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, थोरली बाथरूममध्ये स्टुलावर बसली होती. गिझर रिकामा होता. मुख्य कॉक बंद होता. लाईनीत थेंब नव्हता. आणि ठोका आला.

या वेळी तिनं तो नीट ऐकला. ठक्, आणि त्याच्या मागोमाग एक पुसटसा टिक. ठोकल्यावर हत्यार उचललं नाही आणि ते पाइपावरच टेकू दिलं की असा आवाज येतो. बाबा त्यासाठी ओरडायचे. हत्यार उचल, नाहीतर समोरच्याला एकाचे दोन ऐकू येतील. थोरलीनं ती खोड सोडली. बारकीनं सोडली नाही.

थोरली उठून स्वयंपाकघरात गेली, माठातलं पाणी प्यायली, आणि पुन्हा येऊन बसली.

तिनं मनाशी वाद घातला. जगात लाखो पाईप आहेत. सैल क्लॅम्पसुद्धा असा वाजेल. आठवण आली की माणसाला हवं ते ऐकू येतं. बारकी तिकडे मजेत असेल, नव्या मैत्रिणींबरोबर हसतखिदळत असेल, आणि मोठ्या बहिणीची आठवणही काढत नसेल. हा शेवटचा मुद्दा तिला सगळ्यात पटला आणि सगळ्यात झोंबला.

"मग फोन कर की," मास्तर म्हणाले. तिनं सगळं सांगितल्यावर ते हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

"आणि काय सांगू? आमचा पाईप वाजतोय, तू बरी आहेस ना?"

"तसंच सांग."

"उद्या बघू," थोरली म्हणाली. पण किल्ली तिनं उशाशी घेतली.

४

सकाळी ठोका हलका झाला होता.

इतका हलका, की मास्तरांना तो आधी ऐकूच आला नाही. थोरलीला आला. तिनं दोन ठोके दिले, आणि तिच्या लक्षात आलं की आता तिला आवाज बंद व्हायला नको आहे. दोन दिवस ज्याच्यामागे ती हात धुऊन लागली होती, तो थांबू नये म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

तिनं गिझरचा नळीजोड उघडला. भिंतीतून येणाऱ्या गरम लाईनीचं उघडं तोंड समोर आलं. आता हा पाईप कशालाच जोडलेला नव्हता. एका टोकाला मोकळी हवा, दुसऱ्या टोकाला बंद नळ. तिनं कान जवळ नेला. आतून ऊन, दमट वारा आला. साबणाचा वास होता त्याला, आणि तो साबण त्यांच्या घरातला नव्हता. कुठेतरी बादलीत थेंब पडत होता.

"टॉर्च द्या."

टॉर्चच्या उजेडात तिला काय दिसायला हवं होतं ते ठाऊक होतं. हातभर आत वळण आहे. तिथं तांब्याची भिंत दिसावी आणि संपलं. तिनं वाकून एक डोळा मिटला.

आत उजेड होता. तिनं टॉर्च विझवला. उजेड तसाच राहिला.

लहानसा, गोल, दिवसाचा उजेड. त्यात फिकट हिरव्या फरशीचा तुकडा, ओला. बादलीची कड. पाईप वळणाचा होता आणि वळणापलीकडचं कुणाला दिसत नाही, हे ती शपथेवर सांगू शकली असती. तरी तिला दिसत होतं. मग त्या गोलावर काहीतरी आलं. आधी तिला कळेना. मग कळलं. अंगठा होता. पाण्यात फार वेळ राहिल्यावर कातडी पांढरी पडून सुरकुतते तसा सुरकुतलेला, पाइपाच्या तोंडावर दाबून सपाट झालेला. पाण्याचा जोर बघताना फिटर लोक दाबतात, अगदी तसा. इतका जवळ, की बोट घातलं असतं तर त्याला लागलं असतं.

थोरलीनं बोट घातलं नाही.

अंगठा उचलला गेला. आत अंधार झाला, आणि टॉर्च लावल्यावर वळणाची तांबूस भिंत दिसली, पहिल्यापासून तिथंच असल्यासारखी.

तिनं फोन काढला आणि बारकीचा नंबर लावला. इतके महिने अडलेलं बोट त्या क्षणी कुठंही अडलं नाही. फोनवर रिंग जाऊ लागली.

आणि पाइपातून रिंग ऐकू येऊ लागली.

दूरची, दबलेली, बंद दारापलीकडून यावी तशी. मास्तरांनी थोरलीच्या हातातला फोन घेऊन बंद केला. पाइपातली रिंग थांबली. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा सुरू झाली. विज्ञानाचे मास्तर ते, प्रयोग दोनदा केल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. आता बसला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

फोन कुणीच उचलला नाही.

५

बारकीच्या ऑफिसचा नंबर मास्तरांनी शोधून काढला. फोनवर एक बाई आल्या. तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या.

"त्या सुट्टीवर आहेत," बाई म्हणाल्या. "अहो, पण तुम्ही ताई ना? त्या तर तुमच्याकडेच यायला निघाल्या होत्या. किती दिवस मनाची तयारी करत होत्या. पोचल्या नाहीत?"

थोरलीला वाटलं, कुणीतरी पायाखालची फरशी काढून घेतली. घरी वाटतंय ऑफिसात आहे, ऑफिसात वाटतंय घरी आहे, आणि मध्ये ती एकटी. तिची वाट कुणीच बघत नव्हतं.

"तिच्या घरी जा," थोरली म्हणाली. "आत्ता जा. पाया पडते तुमच्या. कुलूप तोडावं लागलं तर तोडा. बाथरूममध्ये बघा."

"बाथरूममध्ये? तुम्हाला कसं..."

"बघा हो!"

बाई भल्या होत्या. त्यांनी आणखी एकाला बरोबर घेतलं आणि निघाल्या. फोन चालूच ठेवायला मास्तरांनी सांगितलं. दुसऱ्या शहरात गाडीनं पोचायचं तर थोरलीला अख्खा दिवस लागला असता, म्हणून ती एवढंच करू शकत होती. भिंतीतून आलेल्या त्या तोंडापाशी स्टूल ओढून बसायचं, आणि ठोका आला की उत्तर द्यायचं.

ठोका येत होता. मध्ये फार वेळ जात होता. आला की ती लगेच दोन द्यायची. आहे. मी आहे. पुढच्या वेळी फार वेळ गेला. तिनं जीव मुठीत धरून वाट पाहिली. मग आला. इतका पुसट, की तो आलाच नाही असंही म्हणता आलं असतं. तिनं उत्तर दिलं, आणि ती रडायला लागली.

"दारापाशी पोचल्या," मास्तर फोन कानाला लावून म्हणाले. "हाका मारतायत. कुलूप आतून आहे. फोडतायत."

पाइपातून दणके ऐकू आले. मास्तरांनी फोन कानापासून दूर धरला. दोन्हीकडून तेच दणके येत होते, पाइपातून आधी आणि फोनमधून जरा मागून.

मग लोखंड फरशीवर घासत गेल्याचा लांबलचक, अंगावर काटा आणणारा आवाज झाला. बाथरूमबाहेरच्या चिंचोळ्या वाटेत भिंतीला टेकवून ठेवलेला घडीचा लोखंडी पलंग आडवा पडला होता. दार बाहेर उघडणारं. ते त्यामुळे अडकलं होतं. हे नंतर कळलं. तेव्हा थोरलीला फक्त तो आवाज कळला, आणि मागोमाग दार उघडल्याचा.

त्यानंतर पाईप गप्प झाला. पूर्ण गप्प. वारा थांबला, थेंब थांबला. ती कान लावून बसली होती, आणि समोर फक्त रिकाम्या पाइपाचं तोंड होतं.

"बोला ना हो," ती मास्तरांना म्हणाली. "काय झालं ते सांगा."

मास्तर ऐकत होते. त्यांचे डोळे भरून आले, आणि थोरलीला वाटलं सगळं संपलं.

"बोलतेय," ते म्हणाले. "पाणी मागतेय. नळाचं पिऊन कंटाळा आलाय म्हणते."

६

हॉस्पिटलच्या कॉटवर बारकी फार बारीक दिसत होती. पाय प्लास्टरमध्ये होता. थोरली येऊन काठावर बसली. मग बारकी म्हणाली, "किती उशीर गं," आणि दोघी गळ्यात पडून मनसोक्त रडल्या. मास्तर खिडकीतून बाहेरच्या गाड्या मोजत राहिले.

ती आंघोळीला गेली तेव्हा बॅग भरून दारात ठेवलेली होती. पलंग पडला, त्या आवाजानं ती दचकली आणि पाय घसरला. फोन बाहेर चार्जिंगला. बिल्डिंग नवी, वरखाली कुणी राहायला आलेलं नव्हतं. ओरडून ओरडून आवाज बसला.

"पाइपाचं तोंड उघडलंस का गं तू?" थोरलीनं जपून विचारलं. "अंगठा लावून बघितलंस?"

"कशानं उघडणार? पान्हा थोडाच घेऊन गेले होते आंघोळीला. पाईप होता तसाच आहे." बारकीनं तिचा हात घट्ट धरला. "पण ताई, मी तर हात टेकले होते. म्हटलं, आता ऐकायला कोण आहे. ठोकायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. आणि तेवढ्यात पाइपातून तुझा ठोका आला. एक. आहेस का? तुझाच हात, ओळखला मी, उचलून मारलेला. मी आंघोळीच्या स्टीलच्या मगानं दोन दिले. मग तू विचारत राहिलीस आणि मी सांगत राहिले. शेवटी शेवटी तर झोप अशी यायची, वाटायचं पडून राहावं. पण तू विचारलंस की उत्तर देणं भाग." ती हसली. "तू पहिला ठोका दिलास गं. मी कधी दिला नसता. तुला माहितीये मी कशी आहे."

थोरलीनं ऐकलं. खिडकीपाशी मास्तर वळले आणि त्यांनी तोंड उघडलं. थोरलीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते पुन्हा गाड्या मोजू लागले.

"हो," ती बारकीला म्हणाली. "मीच दिला पहिला."

बारकी झोपल्यावर दोघं बाहेरच्या बाकावर येऊन बसली. मास्तर हळूच म्हणाले, "मी शेजारी उभा होतो. तू एकदाही एक ठोका दिला नाहीस. तू दोनच देत होतीस."

"हो."

"तीही दोनच देत होती."

"हो."

"मग विचारत कोण होतं?"

समोरून एक नर्स ट्रॉली ढकलत गेली. थोरलीच्या मनात भीती होती, ती तिनं नाकारली नाही. पण त्या भीतीच्या तळाशी इतकी माया दाटून आली होती, की ती कुणावर ओतावी हे तिला कळत नव्हतं.

"विचारायला हवं होतं ते मीच," ती म्हणाली. "मी विचारत नव्हते, म्हणून कुणीतरी माझ्या वतीनं विचारलं. आता ज्यानं एवढं केलं, त्याला खोटं कशाला पाडू?"

मग ती उठली, पदर सारखा केला आणि बहिणीच्या उशाशी जाऊन बसली.